कळतं, पण बोलता येत नाही: वारसाभाषेचं व्याकरण कुठे मोडतं आणि कुठे टिकतं?

परळच्या भोईवाड्यात गणपती जवळ आले की असा संवाद हमखास कानावर पडतो. आजी विचारते, "झिला, गावाक येतंस मा?" नातू म्हणतो, "हो आजी, पण ऑफिसमधून सुट्टी मिळायला पाहिजे." प्रश्न मालवणीत, उत्तर मराठीत. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण नातवाला कोणी म्हटलं, जरा आजीच्या भाषेत बोलून दाखव, की तो ओशाळं हसतो आणि त्याचं ठरलेलं वाक्य टाकतो: "माका समाजता, पण बोलाक येणा नाय."

गंमत बघा. बोलता येत नाही हे तो अस्सल मालवणीत सांगतोय. 'मला'चं 'माका' बरोबर, 'बोलायला'चं 'बोलाक' बरोबर, नकारही बरोबर. मग येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही?

भाषाशास्त्रात अशा माणसासाठी एक नाव आहे: वारसाभाषक. आणि त्याच्या भाषेचं व्याकरण हा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर अभ्यासला गेलेला विषय आहे. या अभ्यासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. वारसाभाषकांच्या 'चुका' कुठेही, कशाही होत नाहीत. त्या ठरावीक जागी होतात, आणि त्यांना कारण असतं.

वारसाभाषा म्हणजे काय?

हा शब्द रुळला तो कॅनडात. ऑन्टारियो प्रांताने १९७७ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांना घरची भाषा शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, त्याच्या नावातच तो होता. पुढे अमेरिकेत ग्वादालूपे वाल्देस या अभ्यासक बाईंनी केलेली व्याख्या सगळीकडे वापरली जाऊ लागली. सोप्या शब्दांत ती अशी: ज्या घरात समाजाच्या मुख्य भाषेपेक्षा वेगळी भाषा बोलली जाते तिथे वाढलेली, ती भाषा बोलणारी किंवा निदान समजणारी, आणि थोडीफार तरी दुभाषिक असलेली व्यक्ती म्हणजे वारसाभाषक.

'निदान समजणारी' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. म्हणजे आपला भोईवाड्यातला नातू या व्याख्येत बसतो.

वारसाभाषा म्हटलं की डोळ्यांसमोर न्यू जर्सीतली मराठी शाळा येते. ते बरोबरच आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाणारं मूल, इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली घरातलं तिसऱ्या पिढीचं मूल, मॉरिशसमध्ये घरी क्रिओल बोलून शाळेत मराठी विषय घेणारं मूल, ही सगळी याच पंक्तीतली. पण त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. सावंतवाडी ते परळ एवढा प्रवासही पुरतो.

भोईवाड्यात काय घडलं?

भोईवाडा हा गिरणगावाचा भाग. परळ, लालबाग, नायगाव, शिवडी या पट्ट्यात गिरणीत काम करायला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून. कोकणातल्या चाकरमान्याचं कुटुंब कैक वर्षं गावीच असायचं. तो खानावळीत जेवायचा, गाळ्यात पाळीपाळीने झोपायचा आणि गावच्याच लोकांत राहायचा. त्यामुळे मुंबईत राहूनही त्याची मालवणी शाबूत राहिली. आजूबाजूला ती बोलणारे होते, दशावतार होता, पुढे 'वस्त्रहरण' आलं आणि मालवणी नाटकाला हाउसफुल्लचे बोर्ड लागले.

कुटुंब मुंबईत आल्यावर चित्र बदललं. पालिकेच्या शाळेत बाई प्रमाण मराठी शिकवायच्या. 'माका' म्हटलं की वर्ग हसायचा. मुलांनी घरी एक, शाळेत एक अशी सोय लावली. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. कुणी गावी परतलं, कुणी डोंबिवली-विरारला गेलं. जे राहिले त्यांच्या मुलांनी आपल्या मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं. मैदानातली भाषा हिंदी झाली.

म्हणजे एकाच घरात भाषा दोन पायऱ्या उतरली. आधी मालवणीकडून प्रमाण मराठीकडे, मग मराठीकडून हिंदी-इंग्रजीकडे. आज दहा वर्षांच्या मुलाची मालवणी ही वारसाभाषा आहे, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ घरांत आता मराठीही वारसाभाषेच्या उंबरठ्यावर आहे. (मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, हा वाद वेगळा आणि लांबचा आहे. त्याने इथल्या मुद्द्यात फरक पडत नाही.)

पहिली ठिसूळ जागा: सामान्यरूप

मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी नाम स्वतः बदलतं. पाऊस, पण पावसात. भाऊ, पण भावाला. दूध, पण दुधात. देऊळ, पण देवळात. शाळेत याला सामान्यरूप म्हणायचे. घरी कुणी हे शिकवत नाही, ते ऐकून बसतं.

आता इंग्रजी माध्यमातल्या मुलाचं मराठी ऐका. "पाऊसमध्ये भिजलो." "भाऊला सांग." "दूधमध्ये साखर टाक." नाम जसंच्या तसं, आणि पुढे 'मध्ये' किंवा 'ला' चिकटवलेलं.

हा निष्काळजीपणा वाटतो, पण बघा मुलाने काय केलंय. प्रत्येक नामाचं बदललेलं रूप लक्षात ठेवण्याऐवजी त्याने एक सरळ नियम केला: नाम तसंच ठेवायचं, शब्द मागे जोडायचा. जगभरच्या वारसाभाषकांत हाच कल दिसतो. ज्यात रूप बदलतं ते टाळायचं आणि सुटा, स्पष्ट दिसणारा शब्द पकडायचा. मात्र तेच मूल 'घरात', 'शाळेत', 'हातात' हे बिनचूक म्हणतं, कारण ही रूपं रोज शंभरदा कानावर पडतात आणि तयार शब्द म्हणून डोक्यात बसतात. देऊळ आणि विहीर रोजच्या बोलण्यात नाहीत, म्हणून 'देऊळमध्ये' आणि 'विहीरमध्ये'.

आणि मुलाला हसण्याआधी स्वतःचं बोलणं आठवा. तुम्ही 'टेबलावर' म्हणता की 'टेबलवर'? 'मोबाइलात' म्हणता का कधी? परक्या शब्दांना सामान्यरूप न करण्याची वाट मोठ्यांनीच पाडलेली आहे. मूल त्याच वाटेने दोन पावलं पुढे गेलंय.

दुसरी जागा: नपुंसकलिंग

इथे भोईवाड्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते.

मराठीत तीन लिंगं. माझा भाऊ, माझी बहीण, माझं घर. हिंदीत दोनच. मुंबईत हिंदीच्या सहवासात वाढलेलं मूल 'माझा घर' म्हणालं की आपण लगेच निदान करतो: हिंदीचा परिणाम, 'मेरा घर'वरून आलंय.

थांबा. मालवणीतही तीन लिंगं आहेत, पण त्यांचे शेवट वेगळे आहेत. माझो बापूस, माझी आवस, माझा घर. प्रमाण मराठीत जो 'आ' पुल्लिंगाचा, तोच मालवणीत नपुंसकलिंगाचा. 'काय झालं?' हे मालवणीत 'काय झाला?' होतं. मुलगीसाठीचा 'चेडू' हा शब्दही नपुंसकलिंगी, त्यामुळे 'ता चेडू इला'.

मग भोईवाड्यातलं मूल 'काय झाला?' म्हणतं तेव्हा ते कुठून आलं? आजीच्या मालवणीतून की मित्रांच्या 'क्या हुआ'मधून? नुसतं एक वाक्य ऐकून सांगता येत नाही. त्याची बाकीची वाक्यं ऐकावी लागतील. ते 'माझो दादा' आणि 'माझा घर' असा फरक करत असेल, तर तीन लिंगं जिवंत आहेत. दादा आणि घर दोन्हींना 'माझा' लावत असेल, तर तिसरं लिंग पहिल्यात विरघळायला लागलंय. शिक्षकाच्या लाल पेनाला मात्र दोन्ही सारखीच चूक.

रशियनमध्येही मराठीसारखी तीन लिंगं आहेत. मारिया पोलिन्स्की यांनी अमेरिकेत वाढलेल्या रशियन घरांतल्या लोकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांची रशियन बरी होती त्यांनी तिन्ही लिंगं राखली होती. ज्यांची कच्ची होती त्यांच्याकडे दोनच उरली होती, आणि गेलेलं लिंग होतं नपुंसक. पण उरलेल्या दोन लिंगांची त्यांची व्यवस्था पक्की होती, अंदाधुंदी नव्हती. तीन खोल्यांच्या घरातली एक भिंत पाडून दोन खोल्या कराव्यात तसं.

तिसरी जागा: 'ने' आणि 'ला'

'मी पोळी खाल्ली' यात खाणारा मी पुरुष असलो तरी क्रियापद पोळीच्या मागे जातं. कर्मणी प्रयोग. 'त्याने भाकरी खाल्ली' यात कर्त्याला 'ने' लागतो. आणि 'मी मुलीला पाहिलं' यात मुलीला 'ला' लागल्याबरोबर क्रियापद सगळ्यांशी फारकत घेऊन 'पाहिलं' होतं. भावे प्रयोग. दहावीत ज्याने डोकं खाल्लं तेच हे. बोलताना मात्र आपण ते विचार न करता करतो.

मालवणीत तर आणखी एक बारकावा आहे. तिसऱ्या माणसाने काही केलं असेल तर क्रियापदाच्या शेवटी 'न' येतो: केल्यान, दिल्यान, सांगल्यान. भोईवाड्यातली तरुण मंडळी मालवणी बोलायचा प्रयत्न करतात तेव्हा 'माका-तुका' सुरेख जमतं, पण हा 'न' बहुतेक वेळा निसटतो.

हिंदीबद्दल याचा नेमका अभ्यास झाला आहे. सिल्विना मॉन्त्रुल, राकेश भट्ट आणि अर्चना भाटिया यांनी अमेरिकेतल्या हिंदी घरांत वाढलेल्या तरुणांचं हिंदी तपासलं (२०१२). 'ने' आणि 'को' वारंवार गळत होते. मग २०१५ मध्ये मॉन्त्रुल, भट्ट आणि रोक्साना गिर्जू यांनी हिंदीच्या जोडीला स्पॅनिश आणि रोमेनियन घेतल्या. तिन्ही भाषांत कर्म माणूस असेल तर त्याला खूण लावायची पद्धत आहे, आपल्या 'ला'सारखी. तिन्हींत मुलांकडून ती खूण कमी-जास्त गळत होती. पण खरी मेख आई-बापांच्या पिढीत निघाली. स्पॅनिश घरांत परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातूनही ती गळायला लागली होती. हिंदी आणि रोमेनियन मोठ्यांच्या बोलण्यात ती शाबूत होती.

याचा अर्थ काय? स्पॅनिश घरातल्या मुलाने कदाचित जे ऐकलं तेच उचललं. हिंदी घरातल्या मुलाने मात्र बरोबर रूप ऐकूनही ते पक्कं केलं नाही. वरून दिसणारी चूक एकच, कारणं दोन.

'अर्धवट' म्हणायचं का?

यावर अभ्यासकांत चांगलीच जुंपली होती. मॉन्त्रुल यांच्या २००८ च्या पुस्तकाच्या नावातच 'अपूर्ण' ग्रहण हा शब्द होता. बालपणी दुसरी भाषा वरचढ झाली, पहिलीचं व्याकरण पुरं व्हायच्या आत थांबलं, असा तो विचार. दिएगो पास्कुआल इ काबो आणि जेसन रॉथमन यांनी २०१२ मध्ये त्यावर हरकत घेतली. मुलाला जी भाषा ऐकायला मिळाली तीच मुळात बदललेली असेल, तर त्याने ती पुरीच आत्मसात केली, अपूर्ण कशी?

मला वाटतं भोईवाड्यापुरतं दुसऱ्या बाजूचं म्हणणं जास्त लागू पडतं. इथल्या मुलाची तुलना आपण कुणाशी करतो? पुस्तकातल्या मराठीशी. ती त्याच्या घरात कोणीच कधी बोललं नव्हतं. आजी मालवणी बोलते, वडील 'तो मला बोलला' म्हणतात, आई 'माझी मदत कर' म्हणते. (हो, मराठीत 'मला मदत कर'. 'माझी मदत' ही 'मेरी मदद'ची सावली. वाचणाऱ्यांपैकी कितीजण आज सकाळीच असं म्हणालेत?)

काय टिकतं?

बरंच काही. 'केळं'मधला ळ, 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला वेगळा च. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला यासाठी घाम गाळावा लागतो. वारसाभाषकाला ते फुकट मिळालेलं असतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकणं, काळ, नकार हेही सहसा टिकतं. स्वयंपाकघरातले, नात्यागोत्यातले आणि शिव्यांचे शब्द टिकतात. अर्ज, करार, पुरावा यांचे शब्द कधी आलेलेच नसतात, कारण आजी त्या विषयांवर बोलत नव्हती.

आता सगळ्यात कामाचा अभ्यास. टेरी औ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत कॉलेजात स्पॅनिश शिकणाऱ्या दोन गटांची तुलना केली (२००२). एका गटाने लहानपणी घरात स्पॅनिश नुसती ऐकली होती, दुसऱ्याचा तिच्याशी संबंधच नव्हता. ऐकलेल्यांचे उच्चार मूळ भाषकांच्या जवळ जाणारे निघाले. व्याकरणात मात्र दोन्ही गट सारखेच. याच मंडळींनी पुढे लहानपणी काही वर्षं भाषा थोडी का होईना *बोललेल्या* लोकांना तपासलं. त्यांना उच्चारांत तर फायदा होताच, व्याकरणातही होता, आणि तोही मधली अनेक वर्षं भाषा सुटल्यानंतर.

म्हणजे ऐकण्याने नाद मिळतो आणि व्याकरणासाठी तोंड उघडावं लागतं. हे लक्षात घेऊन भोईवाड्यातलं नेहमीचं दृश्य पुन्हा बघा. गणपतीत गावी गेलेली नात धीर करून मालवणीत एक वाक्य बोलते. लिंग चुकतं. मांडवातले सगळे हसतात, कोणीतरी तिची नक्कल करतं, पुढचे दहा दिवस ते वाक्य चालवलं जातं. हसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण ती पुढच्या वर्षी मराठीत उत्तर देते, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मान डोलावते. ऐकणं चालू राहतं. बंद पडतं ते बोलणं, म्हणजे नेमकी तीच गोष्ट जिच्यावर व्याकरण उभं असतं.

चूक कधी नियम होते?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचं उदाहरण जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवलं जातं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ च्या लेखात त्याला 'कुपवार' म्हटलं आहे. तिथे कानडी, मराठी आणि उर्दू शेकडो वर्षं शेजारी नांदल्या. बहुतेक माणसं एकाहून जास्त भाषा बोलायची. होता होता तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्द बदलले की वाक्याचं भाषांतर व्हावं. कानडीत लिंग अर्थावरून ठरतं: पुरुष, स्त्री आणि बाकी सगळं. गावच्या मराठीनेही तेच उचललं आणि नदीसारखे निर्जीव शब्द नपुंसकलिंगात गेले.

रशियन घरांत नपुंसकलिंग गेलं, सांगलीकडच्या गावात ते वाढलं. एकच लिंग, उलट्या दिशा. शेजारची भाषा कोणती, ती बोलणारे किती आणि मूल कधी तिच्या संगतीत आलं, यावर दिशा ठरते.

'आपण' आणि 'आम्ही' यांचंच बघा. 'आपण जाऊ' यात ऐकणारा धरलेला असतो, 'आम्ही जाऊ' यात नसतो. हिंदीच्या 'हम'मध्ये आणि इंग्रजीत हा भेद नाही, आणि मुंबईतली काही मुलं आता आईलाच विचारतात, "आम्ही बाहेर जायचं का?" ऐकून आईला वाटतं, मला घरी ठेवून चाललेत. पण मराठीत हा भेद आला कुठून? द्रविड भाषांच्या संगतीतून आला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. कधीकाळी दोन भाषा बोलणाऱ्या कुणीतरी तो आपल्या बोलण्यात आणला. तेव्हाच्या आज्यांना तो कसा वाटला असेल कोण जाणे.

घरात काय करता येतं?

मुलाने 'पाऊसमध्ये भिजलो' म्हटलं तर 'चुकलं' म्हणून थांबवू नका. "पावसात भिजलास? मग डोकं पूस," एवढं पुरे. बरोबर रूप कानावर गेलं आणि बोलणंही तुटलं नाही. आजीने मालवणीत विचारलं आणि नातवाने मराठीत उत्तर दिलं, तर आजीने भाषा बदलू नये. बहुतेक आज्या कौतुकापोटी बदलतात आणि तिथेच धागा सुटतो. घरात दोन मुलं असतील तर धाकट्याकडे जास्त लक्ष द्या. भावंडं एकमेकांशी शाळेची भाषा बोलतात, म्हणून धाकट्याच्या वाट्याला घरची भाषा कमीच येते.

आणि मोठेपणी परत वळणाऱ्यांसाठी: 'माका-तुका' तुम्हाला येतंच. सुरुवात तिथून करू नका. आजीला कालची एखादी गोष्ट सांगायला लावा, कुणी काय केलं, कुणी काय दिलं, कोण काय म्हणालं. फोनवर रेकॉर्ड करा. तिच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात तो 'केल्यान-दिल्यान'मधला 'न' सापडेल. मग तीच गोष्ट तिला तुमच्या तोंडून सांगा. ती हसेल. पुढचं वाक्य तरीही बोला.